बनवलेली चूक

बादलनं खडू उचलला आणि फळ्यावरच्या दोनशे चाळीसमधून सहा वजा केले. उत्तर आलं दोनशे चौतीस. त्याखाली त्यानं दोन रेघा ओढल्या, हात झटकले आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखा वर्गाकडे तोंड करून उभा राहिला.

गणित पुस्तकातलं होतं आणि तसं सोपं होतं. एका शेतकऱ्याकडे तुरीची सहा पोती, एकेका पोत्यात चाळीस किलो, तर एकूण तूर किती? पाचवीच्या वर्गात ते सगळ्यांना आलं होतं, एकटा बादल सोडून. आणि आज फळ्याशी उभं राहायचा मान त्याचाच होता, कारण आज शनिवार होता.

"काय केलं?" वर्गानं एका सुरात विचारलं.

"चाळीस सक दोनशे चाळीस. मंग त्यातून सहा काढले."

"तवा काय वाटलं?"

"कडता," बादल म्हणाला. "मार्केटात पोत्यामागं किलोभर कापतेतच. बारदान्याचा अन् ओलाव्याचा. आमच्या तुरीचा कापला तवा मी बापासंग गेलतो. म्हणून म्या पण कापला."

वर्ग हळहळला. वजनकाट्याशी उभं राहून कडता कापताना अर्ध्या मुलांनी पाहिला होता, आणि त्या वेळी बापाचा चेहरा कसा होतो हेही त्यांना माहीत होतं. पुस्तकातल्या शेतकऱ्याला तेवढी सूट कशी काय मिळाली, याचा विचार आता तीही करू लागली.

"कवा कळलं?"

"काल जेवतानी. तो पुस्तकातला शेतकरी मार्केटात गेलाच नाही ना. तो घरीच हाय. घरच्या घरी मोजून राह्यला."

मग मागच्या रांगेतून संगीता म्हणाली, "चूक खरी." आणि तिच्यामागोमाग सगळा वर्ग "खरी, खरी" करत बाकं बडवू लागला. शेवटच्या बाकावर मुलांमध्ये अवघडून बसलेल्या ममता मॅडम हसत उठल्या आणि त्यांनी टेबलाच्या खणातून हातोडी काढून बादलच्या हातात दिली.

ही सगळी करणी ममता राठोड मॅडमची होती. मॅडम राजूरच्या. त्यांचे पणजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे, आणि वडील कोळशाच्या खाणीत डम्पर चालवायचे. म्हणजे वाहतुकीचा धंदा आमच्या घराण्यानं काही सोडला नाही, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. शिफ्ट संपली की चार-पाच ड्रायव्हर त्यांच्या अंगणात चहाला बसत आणि आज कोणाची गाडी कुठं घसरली, कोण थोडक्यात वाचला, हे एकमेकांना सांगत. तिथं कोणी कोणाला हसत नसे आणि रागावत तर नसेच. काय केलं, तेव्हा काय वाटलं, कधी कळलं, एवढंच विचारत. जो आपली चूक सांगतो त्याच्यामुळं मागून येणारा वाचतो, असं वडील म्हणायचे. खाटेच्या कोपऱ्यावर बसून ऐकलेले ते तीन प्रश्न मॅडमनी डी.एड.च्या पुस्तकांपेक्षा जास्त जपून ठेवले होते.

बाभुळगावच्या पुढं आत असलेल्या या गावात बदली होऊन आल्यावर त्यांनी पाहिलं, की उत्तर चुकलं की मूल आधी तळहातानं वही झाकतं आणि मग कागदाला भोक पडेस्तोवर खोडतं. चूक कशी झाली हे बघायला चूक शिल्लकच राहत नसे. मॅडमनी मग वर्गातले सगळे खोडरबर गोळा करून कपाटात टाकले आणि सकाळच्या शाळेचा शनिवार या कामाला दिला. आठवड्यातली आपली एक चूक फळ्यावर मांडायची, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि वर्गाला ती पटली तर सुटीची घंटा त्या मुलानं वाजवायची. मॅडमचं मत त्यात मोजत नसत. मुलांनी या दिवसाचं नाव चूकवार ठेवलं होतं.

घंटा म्हणजे कडूनिंबाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. पण तिचा आवाज नाल्यापलीकडच्या तांड्यात जायचा, आणि वावरात कापूस वेचणाऱ्या बायाही त्यावर आपले डबे सोडायच्या. टोला कोणाचा आहे, हे आया लांबून ओळखायच्या. त्यामुळं चूकवाराला भलताच भाव आला होता. तांड्यातल्या संगीतानं एकदा सत्त्याऐंशीच्या जागी सत्तेचाळीस लिहिलं, ते तिची आजी रुपीबाई विसाविसांनी मोजते म्हणून. मनात "चार वीस अन् सात" असं आलं आणि हातानं सरळ चार आणि सात लिहून टाकले. ती चूक तर तांड्यात अजून सांगितली जाते. खिचडी शिजवणाऱ्या रुक्माबाईनंही एका शनिवारी दारात येऊन कबूल केलं, की मीठ दोनदा पडलं, कारण पहिल्यांदा टाकताना ती सुनेशी फोनवर बोलत होती. वर्गानं तिला "खरी" म्हटलं आणि मुकाट्यानं ती खिचडी संपवली.

या वर्गात एकच मुलगी अशी होती, जिनं ती हातोडी अजून हातात धरली नव्हती. खिडकीशी बसणारी प्रेरणा. ती चुकतच नव्हती.

त्याचं श्रेय तिच्या आजोबांचं, वामनरावांचं. वामनराव गावातले जुने कास्तकार, नाकावर माशी बसू न देणारे. नातीला रोज सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत आणायचे आणि घर ते शाळा या वाटेवर तिच्या कानात पाढे ओतायचे. पायडलच्या लयीत पाढा, चढ आला की थोडा दम, उतारावर सरळ पुढचा पाढा. प्रेरणाला एकोणतिसाचा पाढा झोपेत उठवून विचारला तरी यायचा. सुटीच्या वेळी वामनराव फाटकाशी उभे असत आणि रोज एकच विचारत, "किती बरोबर?" ती म्हणायची, "सगळे." ते म्हणायचे, "शाब्बास." एवढं झालं की दिवस नीट गेला, असं दोघांनाही वाटायचं.

पण त्या शनिवारी बादल हातोडी घेऊन निंबाकडे पळाला आणि त्याच्यामागं सगळा वर्ग पळाला, तेव्हा प्रेरणा खिडकीतून पाहत राहिली. टोल्याचा आवाज विरल्यावर ती टेबलाशी आली.

"मॅडम, माहा नंबर कवा?"

मॅडम कपाट बंद करत होत्या. त्यांनी हसून तिच्या वेणीला हात लावला.

"चुकशील तवा," त्या म्हणाल्या.

थट्टाच होती ती. पण प्रेरणानं मान डोलावली, काम सांगितल्यावर डोलवावी तशी.

पुढच्या शनिवारी मॅडमनी "कोण?" म्हणताच पहिला हात प्रेरणाचा वर गेला. वर्गात कुजबुज झाली. बादल तर वळून पाहतच राहिला. मॅडमनाही नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

प्रेरणानं फळ्यावर सुवाच्य अक्षरात गणित लिहिलं. एका वावरात सत्तावीस ओळी, एका ओळीत अठरा रोपं, त्यातली शहाण्णव वाळली, तर राहिली किती? मग तिनं गुणाकार मांडला. आठानं गुणून दोनशे चौदा, त्याखाली दोनशे सत्तर, बेरीज चारशे शहाऐंशी, त्यातून शहाण्णव गेले, राहिले तीनशे नव्वद. अंकांखाली पट्टी धरून रेघ ओढली आणि ती वळली.

"काय केलं?"

"सात आठे छप्पनच्या जागी चोपन धरलं."

"तवा काय वाटलं?"

"वाटलं, चोपन."

"पण काहून वाटलं?" संगीतानं विचारलं.

प्रेरणानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "असंच वाटलं."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. इतक्या शनिवारांत "असंच" हे उत्तर कोणी दिलं नव्हतं. चूक कशातून तरी येते, कडत्यातून येते, आजीच्या मोजण्यातून येते, आदल्या गणितातला आकडा डोक्यात राहिला म्हणून येते, हे त्यांना आता चांगलं ठाऊक झालं होतं. बादल उठून फळ्याजवळ गेला. डोळे बारीक करून त्यानं सगळं गणित वरून खाली पाहिलं, बोटानं बेरीज केली, पुन्हा केली.

"मॅडम, हे जमून नाही राह्यलं," तो म्हणाला. "दोनशे चौदा अन् दोनशे सत्तर, चारशे चौऱ्याऐंशी होतेत. हिनं शहाऐंशी लिवलं. शेवटचं उत्तर तं बरोबरच हाय."

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय. मधी चुकली अन् शेवटी बरोबर आली, असं कसं होईन? ही चूक बनवेल हाय."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. खोटं नाणं हातात आल्यावर दुकानदार जसा ते परत करतो, तसं त्यानं ते सांगितलं. पण प्रेरणाचा चेहरा पार पडला. तिनं खडू जागेवर ठेवला, बाकावर जाऊन बसली आणि दप्तराचा पट्टा धरून राहिली. त्या दिवशी घंटा एका दुसऱ्याच मुलानं वाजवली. प्रेरणानं खिचडीला हात लावला नाही. फाटकाशी वामनरावांनी "किती बरोबर?" विचारलं तेव्हा ती दांडीवर चढून बसली आणि रडू लागली.

सोमवारी वामनराव सायकल फाटकाशी न ठेवता थेट व्हरांड्यापर्यंत घेऊन आले. प्रेरणा सायकलीच्या पलीकडं उभी होती. मॅडमनी खुर्ची पुढं केली, पण ते बसले नाहीत. गावची बडी मंडळी रागावली की बसत नाहीत. त्यांनी बराच वेळ ऐकवलं. पोरीचं आजवर एक गणित चुकलं नाही, आणि तिला पोरं वर्गात बनावट म्हणतात. तांड्यातल्या पोरांना मॅडमनी डोक्यावर चढवून ठेवलं आहे. असंच चालणार असेल तर जूनमध्ये बाभुळगावच्या शाळेत नाव टाकू, तिथं गाडी दारापर्यंत येते.

"चुकणाऱ्याले घंटा अन् बरोबर येणाऱ्याले अपमान," ते शेवटी म्हणाले. "ही कोणती शाळा म्हणावं मॅडम?"

मॅडमना तांड्याचं बोलणं लागलं होतं. त्यावर उत्तरही जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. कारण त्यांचं लक्ष सायकलीपलीकडं उभ्या असलेल्या मुलीकडे होतं आणि गेल्याच्या आदल्या शनिवारी आपण थट्टेत काय बोललो, ते त्यांना आत्ता धडधडीत आठवत होतं.

"काकाजी, चूक पोरीची नाही," त्या म्हणाल्या. "मी तिले म्हटलं होतं, चुकशील तवा नंबर लागन. मले वाटलं, जिले सगळं येते तिच्यापाशी सांगासारखं काय असन? तिथंच मी चुकली."

वामनराव भांडायच्या तयारीनं आले होते, आणि समोरचा माणूस असा हात खाली ठेवून उभा राहिल्यावर भांडायला कोणी उरलंच नाही. मास्तर-बाई लोक आपली चूक सांगतात हेच त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. ते थोडा वेळ सायकलीची घंटी पुसत राहिले. मग म्हणाले, की येत्या शनिवारी आपण स्वतः येऊन पाहणार आणि मगच काय ते ठरवणार. मॅडम म्हणाल्या, जरूर या.

आठवडाभर मॅडमनी प्रेरणाला एकच गोष्ट विचारली. गणित बरोबर आलं की तिच्या शेजारी बसून, हळूच.

"हे कसं आलं?"

"आलं," प्रेरणा म्हणायची.

"आलं ते समजलं. पण कुठून?"

प्रेरणा डोळे मोठे करून पाहायची. तिला खरोखर माहीत नव्हतं. बादलला विचारलं तर तो बोटं, पोती, बैलजोडी, जे काय मनात आलं असेल ते सगळं सांगायचा, आणि त्यातूनच कुठं घसरला तेही स्वतः शोधायचा. प्रेरणाच्या मनात मात्र गणित एका दारानं आत जायचं आणि उत्तर दुसऱ्या दारानं बाहेर यायचं. मधल्या खोलीत काय होतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं, कारण तशी गरजच पडली नव्हती. मॅडमनी तिला घाई केली नाही. फक्त गुरुवारी सुटीत त्यांना दिसलं, की ती निंबाखाली एकटीच बसून मातीत काडीनं गुणाकार करते आहे, पुसते आहे, पुन्हा करते आहे, आणि मधेच थांबून कान देऊन काहीतरी ऐकते आहे.

शनिवारी सकाळी चांगलीच थंडी होती. मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसली होती. वामनराव कबूल केल्याप्रमाणे आले, पण वर्गात आले नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून, वर्गाकडे पाठ करून, त्यांनी पेपर उघडला. पेपर कालचा होता.

"कोण?" मॅडमनी विचारलं. त्या आज आधी स्वतःच फळ्याशी जाणार होत्या, मनाशी तसं ठरवून आल्या होत्या. पण प्रेरणाचा हात वर होता.

कोणी कुजबुजलं नाही. प्रेरणानं गेल्या शनिवारचंच गणित फळ्यावर तसंच्या तसं लिहिलं, दोनशे चौदा आणि दोनशे सत्तर आणि बेरीज चारशे शहाऐंशी. या वेळी तिनं खडू खाली ठेवला नाही, मुठीत घट्ट धरून ठेवला.

वर्गाला विचारावं की नाही कळेना. शेवटी बादलच म्हणाला, जरा हळू आवाजात, "काय केलं?"

"म्या चूक बनवली," प्रेरणा म्हणाली.

"तवा काय वाटलं?"

"वाटलं, घंटा भेटन." ती थांबली. "सगळ्यायले भेटते. मलेच नाही. मले वाटलं, एक सात आठे चुकवलं का झालं. कोणाले काय समजते."

बाहेर पेपरचं पान उलटलं नाही.

"कवा कळलं?" संगीतानं विचारलं.

"बादल बोलला तवा नाही कळलं. तवा नुसता राग आला." प्रेरणानं बादलकडे पाहिलं, मग फळ्याकडे. "मंग घरी म्या परत चुकवून पाह्यलं. पार शेवटपर्यंत चुकवाचं म्हणलं. तं होऊनच नाही राह्यलं. वर चोपन लिवलं तरी खाली हात छप्पनचंच लिवते. लय डाव केलं. मंग ध्यान देऊन पाह्यलं, तं सात आठे म्हटलं का मले आवाजच येते. आबाजीचा. सायकलवरचा. छप्पन म्हणून. चढावर म्हणते तसा, दम खाऊन."

मुलं हसली नाहीत. ती ऐकत होती.

"मले वाटे, मले गणित येते," प्रेरणा म्हणाली. "मले तं ऐकू येते. जे ऐकलं नाही ते मले येतच नाही. काल म्या एकतिसाचा पाढा करून पाह्यला. तो आबाजीनं नाही सांगतला अजून. तं मले काहीच समजेना कसा कराचा. मंग बादलसारखी बोटं मोजली."

"आला का?" बादलनं विचारलं. ते त्या तीन प्रश्नांत नव्हतं, पण त्याला राहवलं नाही.

"चार पावेतो आला," ती म्हणाली. "पुढं चुकला. कुठं चुकला ते माहीत हाय मले."

सगळे बादलकडे पाहत होते, कारण गेल्या वेळी त्यानंच म्हटलं होतं. बादल उठला, फळ्याजवळ गेला आणि पुन्हा एकदा ते सगळं गणित वरून खाली वाचलं, जसं गेल्या वेळी वाचलं होतं तसं. दोनशे चौदाखाली त्यानं बोट टेकवलं, मग चारशे शहाऐंशीखाली.

"खरी," तो म्हणाला.

बाकं बडवली गेली. रुक्माबाईनं चुलीजवळून विचारलं, कोणाची? कोणीतरी ओरडून सांगितलं, प्रेरणाची. मॅडमनी खण उघडला, हातोडी काढली आणि ती देताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही. मग मुलांना सांगितलं, की पुढच्या शनिवारपासून ज्याचं गणित बरोबर आलं त्यानंही यायचं, आणि ते कसं आलं ते सांगायचं. सांगता आलं तर घंटा त्याचीही. मुलांनी यावर बरीच घासाघीस केली. एका शनिवारी घंटा दोघांनी कशी वाजवायची, हा मुख्य मुद्दा होता. तो मिटेस्तोवर सुटीची वेळ झाली.

निंबाखाली प्रेरणानं हातोडी दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्यापेक्षा ती जड होती. सगळा वर्ग अर्धगोल करून उभा राहिला. तिनं जोरात टोला मारला, तो रुळाच्या कडेवरून घसरला आणि बद्द असा आवाज झाला, पोत्यावर काठी मारल्यासारखा. मुलं खदखदून हसली. पलीकडच्या वावरात एका बाईनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वेचणीला लागली.

प्रेरणाही हसली. मग हातोडी खाली धरून ती रुळाकडे पाहत राहिली, ओठ हलत होते. ती एक पाऊल पुढं सरकली, दांडा थोडा खालून धरला आणि पुन्हा मारलं. या खेपेस आवाज निंबातून, शाळेवरून, नाल्यापलीकडं तांड्यापर्यंत गेला. वावरातल्या बाया कंबर सरळ करून डब्यांकडे निघाल्या.

वामनराव व्हरांड्यातून केव्हाच उठून गेले होते. ते रोजच्या जागी, फाटकाशी, सायकल धरून उभे होते. पेपर घडी करून खिशात खोचला होता. बाभुळगावच्या शाळेबद्दल त्यांनी मॅडमना काही सांगितलं नाही, जाताना फक्त लांबूनच हात जोडले. प्रेरणा धावत आली, हाताला लोखंडाचा वास घेऊन.

"किती," त्यांनी सवयीनं सुरुवात केली आणि ते थांबले.

तिला दांडीवर बसवून ते निघाले. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेवर पाढा नव्हता. चढ आला, त्यांना दम लागला, आणि आपला दम खाण्याचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. ते काही वेळ तो ऐकत पायडल मारत राहिले. हा आवाज पोरीच्या कानात इतका रुतून बसला आहे, याचं त्यांना सुखही वाटत होतं आणि कुठंतरी भीतीही.

चढ संपला. खाली नाल्याकडे जाणारा उतार लागला.

"तो पहिला टोला," वामनराव म्हणाले, "बद्द काहून वाजला वं?"

प्रेरणानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. ती सांगू लागली, हातोडी कशी धरली होती, तेव्हा काय वाटलं, रूळ हलत होता का आपणच हललो, आणि ते सगळं नाल्यापर्यंत पोचायच्या आत संपणारं नव्हतं, म्हणून वामनरावांनी पायडल थांबवलं, ब्रेकवर बोट ठेवलं आणि सायकल हळूहळू जाऊ दिली.